न विचारलेले म्हणजे नसलेले नव्हे



यावलला उभं राहून बोलायचं आणि व्यासांचं नाव घ्यायचं नाही, हे काही आम्हांला जमणार नाही. आपल्या गावात महर्षी व्यासांचं मंदिर आहे, गुरुपौर्णिमेला तिथे किती गर्दी उसळते ते तुम्ही जाणताच. त्याच मंदिरात लहानपणी आम्ही ती कथा पहिल्यांदा ऐकली. व्यासांना महाभारत लिहून घ्यायला लेखनिक हवा होता. गणपती म्हणाला, लिहितो, पण माझी लेखणी मध्ये थांबता कामा नये. व्यास म्हणाले, कबूल. पण अर्थ कळल्याशिवाय तूही एक अक्षर लिहायचं नाहीस.

आता गंमत बघा. पुण्याच्या भांडारकर संस्थेने महाभारताची जी चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्यात ही कथा मूळ संहितेत नाही. ती परिशिष्टात गेली आहे. म्हणजे ती नंतरच्या कोणा लेखनिकाने घातलेली. लेखनिकाने कसं वागावं हे सांगणारी कथा एका लेखनिकानेच घुसडलेली निघावी, यात आम्हांला मोठा बोध दिसतो. तो आजच्या व्याख्यानाच्या शेवटी कामाला येईल.

आजचा विषय ऐकून काहींनी भुवया उंचावल्या असतील. आयुष्यभर न्याय-वैशेषिक शिकवलेला माणूस आरोग्याच्या संगणकीय संदेशांवर काय बोलणार? रुग्णालयातल्या एका संगणकाने दुसऱ्याला पाठवलेला संदेश प्रोग्रामने कसा वाचायचा आणि कसा तयार करायचा, हा तर इंजिनिअर मंडळींचा प्रांत. खरं आहे. पण आम्ही या प्रांतात हौसेने शिरलो नाही, आम्हांला ढकललं गेलं. ते कसं, ते आधी सांगतो.

दोनेक वर्षांपूर्वी मोतीबिंदू काढायला आम्ही एका शहरातल्या रुग्णालयात गेलो. नाव सांगत नाही, सांगण्याची गरजही नाही, कारण हे कुठेही घडू शकतं. खिडकीत बसलेल्या मुलाने नाव, वय, पत्ता, मोबाइल नंबर विचारला. बस्स, एवढंच. दुसऱ्या दिवशी खाटेशी जो छापील कागद लावला होता, त्यावर आम्ही चष्मा लावून वाचलं : 'ॲलर्जी : नाही'. आता आम्हांला सल्फाच्या औषधांचं वावडं आहे. तरुणपणी एकदा त्या गोळ्यांनी सगळं अंग सुजून आलं होतं. आणि डोळ्याचा दाब उतरवायला जी एक गोळी देतात, ती नेमकी सल्फाच्याच कुळातली. गोळी घेऊन आलेल्या सिस्टरबाई जुन्या वळणाच्या होत्या. कागदाकडे न बघता त्यांनी तोंडी विचारलं, "बाबा, कुठल्या औषधाचं वावडं आहे का?" म्हणून आज आम्ही तुमच्यासमोर धडधाकट उभे आहोत.

बरे होऊन निघताना आम्ही त्या खिडकीतल्या मुलाला गाठलं. म्हटलं, बाळ, तू आम्हांला हे विचारलंच नव्हतंस, मग 'नाही' कुठून आलं? तो बिचारा गांगरला. म्हणाला, "सर, मी 'नाही' लिहिलं नाही. मी तो रकाना रिकामा सोडला होता. पुढच्या सिस्टिममध्ये जाताना तिथे आपोआप 'नाही' येतं."

आपोआप! मंडळी, तत्त्वज्ञानाच्या माणसाला या शब्दाइतका संशय दुसऱ्या कशाचाच येत नाही. 'विचारलं नाही' या वाक्याचं 'नाही आहे' हे वाक्य आपोआप होत नसतं. कुणीतरी, कुठेतरी, एक ओळ लिहून ते केलेलं असतं. ती ओळ शोधायची म्हणून आम्ही या विषयात उतरलो. आमचे काही जुने विद्यार्थी या कामात आहेत, त्यांनी आम्हांला चार-सहा महिने शिकवलं. चुका राहिल्या असतील तर त्या आमच्या.

आधी हा संदेश कसा दिसतो ते पाहू.

१९८७ साली अमेरिकेत 'हेल्थ लेव्हल सेव्हन' नावाची संस्था स्थापन झाली. रुग्णालयातली वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं एकमेकांशी बोलावीत म्हणून तिने एक समान भाषा ठरवायला घेतली. संगणकांच्या संवादाचे सात थर कल्पिलेले आहेत, त्यातला सर्वांत वरचा सातवा, म्हणून नावात सात. या भाषेची दुसरी आवृत्ती जगभरच्या रुग्णालयांत अजून चालते. तिच्यातली एक ओळ आम्ही फळ्यावर लिहितो. मूळ अक्षरं रोमन असतात, आपल्यासाठी नागरीत घेतो :

ओबीएक्स|१|एनएम|हिमोग्लोबिन||९.८|ग्रॅम/डेसिलिटर|१२-१५|एल|||एफ

उभी रेघ म्हणजे रकान्याची भिंत. पहिल्या शब्दावरून कळतं की ही तपासणीच्या निकालाची ओळ आहे. दुसऱ्या रकान्यातलं 'एनएम' सांगतं की निकाल आकड्यात आहे. तिसऱ्यात तपासणीचं नाव, पाचव्यात निकाल, सहाव्यात एकक, सातव्यात सर्वसाधारण मर्यादा, आठव्यात 'एल', म्हणजे मर्यादेपेक्षा कमी. आणि अकराव्यात 'एफ', म्हणजे अंतिम निकाल. शाळेत गुरुजी आम्हांला सांगत, 'या शब्दाचं व्याकरण चालव.' नाम, पुल्लिंग, एकवचन, प्रथमा. पार्सिंग म्हणजे तेच, दुसरं काही नाही. प्रोग्राम त्या ओळीचं व्याकरण चालवतो. उलट बाजूने, हातातल्या माहितीपासून अशी ओळ घडवायची, ती निर्मिती.

आपल्याकडचं चित्र असं. पुण्याच्या सी-डॅकमध्ये आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय संसाधन केंद्र आहे. आरोग्य मंत्रालयाने ते उभं केलं. २७ सप्टेंबर २०२१ रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं. तुमच्यापैकी अनेकांच्या मोबाइलमध्ये तो चौदा आकडी 'आभा' क्रमांक असेल. त्या व्यवस्थेत कागदपत्रं ज्या रूपात फिरतात ते रूप या संस्थेच्याच नव्या भाषेचं, 'फायर'चं. तिचा भारतासाठीचा वापराचा नमुना पुण्याच्या या केंद्राने तयार केला. म्हणजे हा विषय परदेशचा राहिलेला नाही. सातपुड्यातल्या पाड्यावरच्या माणसाचं रक्त तपासलं की त्याचा संदेश याच भाषांत पुढे जाणार.

आता समीक्षा. आम्ही एखादा ग्रंथ वाचतो तसे या भाषेचे नियम वाचायला बसलो आणि एका जागी थबकलो. दुसऱ्या आवृत्तीत नियम असा : दोन उभ्या रेघांमध्ये काहीच नसेल, तर अर्थ 'याबद्दल मी काही म्हणत नाही, तुझ्याकडे जे आहे ते तसंच ठेव.' पण दोन रेघांमध्ये दोन अवतरणचिन्हं लिहिली आणि त्यांच्या आत काही नसेल, तर अर्थ 'तुझ्याकडे जे आहे ते पुसून टाक.' एक मौन आणि एक नकार. डोळ्यांना दोन्ही सारखंच रिकामं दिसतं.

हे अवघड वाटत असेल तर बाजारात चला. केळीच्या भावाचा फळा आठवा. नवती, पिलबाग, वापसी. एखाद्या दिवशी पिलबागच्या पुढची जागा कोरी असते. आपल्या तालुक्यातला एक तरी शेतकरी असं म्हणेल का, की आज पिलबागला शून्य भाव निघाला, माल फुकट द्या? त्याला बरोबर कळतं की आज तो भाव निघालेलाच नाही. न निघालेला भाव आणि शून्य भाव यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याच्या हाती आपण केळीचा घड देत नाही. पण त्याच्या हाती आपण आपला रक्ताचा अहवाल दिलेला आहे.

वैशेषिकांच्या परंपरेत द्रव्य, गुण, कर्म इत्यादी सहा पदार्थांना पुढे सातवा जोडला गेला : अभाव. इकडे सातवा थर, तिकडे सातवा पदार्थ. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कुणी 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं सिद्ध करू नका. आमचा मुद्दा वेगळा आहे. नसणं हेही जाणण्याचा विषय आहे आणि ते एकाच जातीचं नसतं, हे त्यांनी ओळखलं. घडा घडण्यापूर्वी नसतो, तो प्रागभाव. फुटल्यावर नसतो, तो प्रध्वंसाभाव. वाऱ्याला रंग कधीच नसतो, तो अत्यंताभाव. आणि घडा म्हणजे वस्त्र नव्हे, तो अन्योन्याभाव.

आता मघाच्या ओळीतला अकरावा रकाना बघा. तिथे 'एफ'खेरीज आणखी बरीच अक्षरं येऊ शकतात. 'आय' : नमुना प्रयोगशाळेत आहे, निकाल यायचा आहे. म्हणजे जवळपास प्रागभाव. 'एक्स' : निकाल मिळूच शकत नाही. 'डी' : ही नोंद काढून टाक. 'डब्ल्यू' : आधीची नोंद चुकीची धर, उदाहरणार्थ ती भलत्याच रुग्णाच्या नावे गेली होती. घडा म्हणजे वस्त्र नव्हे, तसं सीताबाई म्हणजे गीताबाई नव्हे! नंतरच्या आवृत्त्यांत तर 'एन' हे अक्षरही आहे : विचारलंच नाही. आमची जोडणी तंतोतंत बसते असा दावा नाही. 'एक्स' आम्हांला कुठल्याच खणात नीट बसवता आला नाही. पण एवढं निश्चित की ज्या लोकांनी ही भाषा घडवली त्यांना 'नसणं' किती तऱ्हेचं असतं याची जाण होती. आम्ही टीका करायला गेलो होतो, इथे हात जोडून परतलो.

मग बिघडतं कुठे? आमच्या एका विद्यार्थ्याने पायथॉनमधली एक ओळ दाखवली. निकालाचा रकाना वाचून त्याचा आकडा करायचा असतो. रकाना रिकामा असला तर प्रोग्राम तिथे अडतो, चूक दाखवून बंद पडतो. रात्री दोन वाजता बंद पडलेला प्रोग्राम म्हणजे नोकरीवर गदा. म्हणून लिहिणारा चतुराई करतो : 'एक्स ऑर शून्य'. म्हणजे एक्स असेल तर एक्स घे, नाहीतर शून्य घे. दोन शब्द वाढवले की प्रोग्राम पुन्हा कधी अडत नाही. आम्ही त्या ओळीकडे बराच वेळ बघत बसलो. मंडळी, त्या 'ऑर'पाशी रिकामी जागा, 'नाही' आणि खरा शून्य हे तिघे एकाच दारातून आत जातात आणि पलीकडून तिघेही शून्य होऊन बाहेर पडतात. आमच्या वावड्याचं 'नाही' अशाच कुठल्यातरी दारातून निघालं असणार. ती ओळ लिहिणारा दुष्ट नव्हता. तो घाईत होता, आणि त्याला कुणी व्यासांची अट सांगितली नव्हती.

लेखणी थांबता कामा नये, ही गणपतीची अट आपण यंत्राला शिकवली. दुसरी अट राहून गेली.

आता हे फार सूक्ष्म आहे, वकिली आहे, असं कुणाला वाटेल. म्हणून आपल्याच भागातलं उदाहरण घेतो. आपल्या उत्तरेला सातपुडा. तिथल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोलला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. शून्य ते चाळीस वयोगटातल्या सात कोटी लोकांची तपासणी करायची, असं त्याचं उद्दिष्ट. इतकी तपासणी म्हणजे तितके संदेश.

यात एक साधी, स्वस्त प्राथमिक चाचणी असते, सोल्युबिलिटीची. तिचा निकाल 'पॉझिटिव्ह' आला तर एवढंच कळतं की रक्तात सिकल हिमोग्लोबिन आहे. ती व्यक्ती वाहक आहे की रुग्ण, हे त्यावरून कळत नाही. त्यासाठी पुढची पक्की चाचणी लागते. वाहक म्हणजे 'एएस'. आई किंवा बापाकडून एक दोष आला, दुसऱ्याकडून निरोगी जोडी मिळाली. असा माणूस सहसा धडधाकट जगतो. रुग्ण म्हणजे 'एसएस'. त्याचं दुखणं जन्माचं. दोन्ही वाहकांचं लग्न झालं तर प्रत्येक अपत्याच्या वेळी चारात एक शक्यता रुग्ण होण्याची.

आता कल्पना करा. पाड्यावरच्या एका मुलीची प्राथमिक चाचणी पॉझिटिव्ह आली. संदेशाच्या अकराव्या रकान्यात 'पी' लिहिलं : प्राथमिक, अंतिम नव्हे. पुढच्या प्रोग्रामने पाचवा रकाना वाचला, अकरावा वाचलाच नाही, कारण त्याच्या पडद्यावर त्यासाठी जागाच नव्हती. पडद्यावर काय उरलं? 'सिकलसेल : पॉझिटिव्ह'. पाड्यावर बातमी काय पोहोचली? 'पोरगी आजारी आहे.' पुढे पक्क्या चाचणीत ती वाहक निघेलही, पण तोवर जुळलेली सोयरीक मोडलेली असेल. इथे कुणीही खोटं बोललेलं नाही. फक्त एक अक्षर गळलं. जितकं माहीत होतं त्यापेक्षा जास्त सांगितलं गेलं, आणि त्याची किंमत संदेश पाठवणाऱ्याने किंवा वाचणाऱ्याने मोजली नाही. जिचा तो संदेश होता तिने मोजली.

याच ठिकाणी एक चमत्कारिक गोष्ट आढळली. निरोगी हिमोग्लोबिनची खूण 'एए'. आणि दुसऱ्या आवृत्तीत संदेश मिळाला, मान्य आहे, अशी जी पोच परत जाते तिचीही खूण 'एए'च. एका जागी त्याचा अर्थ 'ही मुलगी निरोगी आहे', दुसऱ्या जागी 'तुझं पत्र पोहोचलं'. अक्षरं तीच, अर्थ जागेवरून ठरतो. म्हणून रकाना एकाने जरी सरकला तरी घात होतो. आणि रकाना सरकतो कसा? निर्मिती करणारा प्रोग्राम शब्द नुसते दोऱ्यात ओवत जातो तेव्हा. डॉक्टरांच्या शेऱ्यातच एखादी उभी रेघ आली, तर वाचणाऱ्याला ती भिंत वाटते आणि शेऱ्याचा उरलेला अर्धा भाग शेजारच्या खोलीत जाऊन बसतो. त्यासाठी नियम आहे : मजकुरातली रेघ जशीच्या तशी न लिहिता ठरलेल्या खुणेने लिहायची. नियम जुना आहे आणि सोपाही. तो पाळायला फक्त एवढं लागतं की आपण लिहितो त्यात परक्याचे शब्द आहेत, याची आठवण राहावी.

आता आमच्या टीकेचा दुसरा भाग, आणि इथे आम्ही मानकालाही सोडणार नाही. ही भाषा माणसाचं नाव कसं धरते ते बघा. आडनाव, मग दिलेलं नाव, मग 'दुसरं आणि पुढची दिलेली नावं'. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं. सीताबाई रामदास पाटील यांना रामदास हे नाव कुणी 'दिलेलं' नाही. ते एक नातं आहे. भाषेला नात्यासाठी जागा नव्हती, म्हणून नात्याचं नाव झालं. चालतं, पण हे लक्षात असू द्या की ही सोय आहे, सत्य नव्हे.

त्यात लिपीचा प्रश्न. दुसऱ्या आवृत्तीच्या जुन्या रूपात नावाच्या रकान्याला अठ्ठेचाळीसची मर्यादा होती. रोमन लिपीत पुष्कळ. पण आजच्या यूटीएफ-८ पद्धतीत नागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं, काना-वेलांटीसुद्धा स्वतंत्र तीन. 'पाटील' पंधरा, 'सीताबाई' एकवीस, मधल्या दोन खुणा धरून अडतीस. उरले दहा. 'रामदास'मधल्या 'राम'ला नऊ गेले. अठ्ठेचाळीस बाइट मोजून कापणारा प्रोग्राम सीताबाईंच्या नवऱ्याचा 'राम' ठेवतो आणि 'द'चा एक तृतीयांश! हसू नका, तो एक तृतीयांश 'द' पुढच्या यंत्राला वाचता येत नाही आणि तिथे प्रश्नचिन्ह उमटतं. स्वतःच्या अहवालावर स्वतःचं नाव प्रश्नचिन्हांच्या रांगेत वाचणं काय असतं, ते रोमन लिपीवाल्यांना कळणं कठीण आहे.

आणि जन्मतारीख. या सभागृहात आमच्या वयाचे जे बसले आहेत त्यांना विचारतो : किती जणांचा वाढदिवस १ जूनला येतो? बघा, केवढे हात! आई सांगायची, 'तू पावसाळा संपताना झालास.' गुरुजींनी शाळेत घालताना १ जून लिहिलं आणि आपण सगळे एकाच दिवशी जन्मलो. गंमत अशी की हे मानक इथे आपल्या गुरुजींपेक्षा प्रामाणिक आहे. जुन्या भाषेत काय, फायरमध्ये काय, नुसतं वर्ष लिहून थांबायची परवानगी आहे. पण प्रोग्राम लिहिणाऱ्याने 'तारीख' म्हणून जो साचा घेतलेला असतो त्याला दिवस आणि महिना लागतोच. मग तो १ जानेवारी भरतो. गुरुजींचा १ जून आणि यंत्राचा १ जानेवारी, लबाडी एकच. फक्त गुरुजींना माहीत होतं की आपण अंदाजाने लिहितो आहोत.

गेल्या महिन्यात हेच सारं आम्ही काही तरुण मंडळींपुढे मांडलं, तेव्हा एका मुलीने रोखठोक विचारलं. म्हणाली, "सर, तुमचं तत्त्व ठीक आहे. पण प्रत्येक अर्धवट संदेश आम्ही नाकारत बसलो तर रुग्णाचा अहवाल पोहोचणारच नाही. काहीच न पोहोचण्यापेक्षा थोडं चुकीचं पोहोचलेलं बरं नाही का?" तिने जॉन पोस्टेल या संगणकशास्त्रज्ञाने १९८० साली मांडलेलं सूत्रही सांगितलं : पाठवताना काटेकोर राहा, स्वीकारताना उदार राहा.

प्रश्न खरा आहे, आणि आम्ही दोन दिवस त्यावर विचार केला. नैयायिक म्हणतात, वाक्याचा अर्थ लागायला तीन गोष्टी लागतात. आकांक्षा : पदांना एकमेकांची अपेक्षा. संनिधी : ती जवळ जवळ असणं. आणि योग्यता : त्यांच्या अर्थांचा मेळ बसणं. 'अग्नीने शिंपतो' या वाक्याचं व्याकरण ठीक आहे, पण योग्यता नाही, शिंपायला पाणी लागतं. प्रोग्राम पहिल्या दोन गोष्टी झकास तपासतो. तिसरी, म्हणजे ९.८ च्या जागी ९८ हिमोग्लोबिन आलं तर थबकणं, ही त्याला मुद्दाम शिकवावी लागते. पण थबकणं म्हणजे नाकारणं नव्हे. आमचं उत्तर असं : उदारपणे स्वीकारा, जरूर स्वीकारा, पण औदार्य म्हणजे पदरचं घालणं नव्हे. पाहुणा उपाशी आला तर त्याला जेवायला वाढा, 'हा जेवून आला आहे' असं लिहू नका. अर्धवट संदेश अर्धवट म्हणूनच पुढे द्या. पोच देताना फक्त 'एए'च नव्हे, चूक आढळली हे सांगणारं 'एई' आणि नाकारलं हे सांगणारं 'एआर'ही भाषेत आहे. ते वापरायची लाज वाटू देऊ नका.

इथे भांडारकर संस्थेकडे परत येतो. हस्तलिखितांवर काम करणाऱ्यांना पुरतं ठाऊक असतं की अडाणी लेखनिकापेक्षा शहाणा लेखनिक जास्त घातक. अडाणी माणूस चूक करतो ती चूक म्हणून दिसते. अक्षर गळतं, ओळ सुटते, आपण शोधून काढतो. शहाण्याला अवघड शब्द खटकतो, तो तिथे सोपा शब्द घालतो, वाक्य गुळगुळीत होतं आणि मूळ पाठ कायमचा बुडतो. 'एक्स ऑर शून्य' लिहिणारा हा शहाणा लेखनिक आहे. बंद पडलेला प्रोग्राम निदान ओरडतो. गुळगुळीत चुकीचा अहवाल कधीच ओरडत नाही.

फायर या नव्या भाषेने या बाबतीत पाऊल पुढे टाकलं आहे, हे मान्य केलं पाहिजे. माहिती का नाही, याची कारणं सांगायला तिच्यात सोय आहे : माहीत नाही, विचारलं पण माहीत नव्हतं, विचारलंच नाही, सांगायला नकार दिला, लागू नाही. वावड्यांची यादी रिकामी पाठवायची तर ती का रिकामी आहे, हेही लिहिता येतं. पण ही सोय बहुतेक ठिकाणी ऐच्छिक आहे. आणि ऐच्छिक म्हणजे काय, ते आपण जाणतो : परीक्षेला न येणारा प्रश्न. उलट खिडकीतल्या मुलाच्या पडद्यावर काही रकान्यांना लाल तारा असतो, भरल्याशिवाय पुढे जाताच येत नाही. तिथे 'माहीत नाही' हा पर्याय नसेल तर तो मुलगा काय करणार? पुढे रांग आहे, मागून कुणी ओरडतंय. तो काहीतरी भरतो. म्हणजे आपण एका ठिकाणी खरं मौन पुसतो आणि दुसऱ्या ठिकाणी खोटं बोलायला भाग पाडतो. आमची मुख्य तक्रार हीच. मानकात प्रामाणिकपणाला जागा आहे, पण सक्ती फक्त भरण्याची आहे.

समोर जे विद्यार्थी बसले आहेत, उद्या पुण्या-मुंबईत बसून असे प्रोग्राम लिहिणार आहेत, त्यांच्याकडे आम्ही तीन गोष्टी मागतो. पहिली, आलेला मूळ संदेश तुमच्या अर्थाच्या शेजारी जसाच्या तसा जपून ठेवा. तुमचा अर्थ चुकला तर परत जायला वाट हवी. दुसरी, रिकामं, नकार आणि शून्य यांना तुमच्या प्रोग्राममध्ये तीन वेगळी घरं द्या. तिसरी, तुमच्या पडद्यावर 'विचारलं नाही' असं लिहिलेलं दिसू द्या, ठळक अक्षरात. त्या सिस्टरबाईंना ते दिसलं असतं, तर त्यांनी विचारलंच असतं. त्यांनी तसंही विचारलं, ही आमच्या नशिबाची गोष्ट. नशिबावर रुग्णालय चालवू नये.

शेवटी पुन्हा कथेकडे. व्यास मधूनमधून मुद्दाम कूट श्लोक घालत. गणपती अर्थ लावण्यासाठी क्षणभर थांबे, आणि तेवढ्या वेळात व्यास पुढचे श्लोक रचत. म्हणजे लेखणी कधीच थांबू नये म्हणणारा गणपतीही थांबत होता, आणि त्या थांबण्यातूनच पुढचं महाभारत घडत होतं. कथा प्रक्षिप्त असेल. ज्या कुणा लेखनिकाने ती घातली, त्याला मात्र आपलं काम कळलेलं होतं.

आपण शांतपणे ऐकलंत. बाहेर ऊन फार आहे, पाणी पिऊन निघा.